साडभाऊंच्या भिंतीतली रेघ

नागपुरात आज जेवढी म्हणून घरं उभी आहेत, त्यांतल्या निम्म्यांचा पाया आमच्या साडभाऊंनी खड्ड्यात वाकून पाहिलेला आहे आणि उरलेल्या निम्म्यांविषयी त्यांचं मत वाईट आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते इंजिनीयर नाहीत, ठेकेदार नाहीत; आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. पण भूगोलातही नद्या-पर्वतांत त्यांचा जीव कधी रमला नाही, तो अडकला काळ्या मातीत. 'ही माती कापसाला उत्तम' हे वाक्य वाचून झालं की ते पुस्तक मिटून वर्गाला सांगत, "आन् घराले बेक्कार! पुस्तकात नाही, तरी लिहून घ्या." ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या घराला दरवर्षी हलवून पाहते. भिवापूरला त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर असंच तडकलं होतं. कोपऱ्यातल्या फटीत लहानपणी त्यांचा हात मनगटापर्यंत जायचा, आणि भिंत अंगावर येईल या धास्तीने त्यांची आई पावसाळाभर मुलांना बाहेर ओसरीत निजवायची. हे ते एरवी हसत सांगत, पण आईपाशी आले की त्यांचा आवाज खाली जायचा. तेव्हापासून हा माणूस कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतींकडे पाहतो, मग माणसांकडे.

वास्तुशांतीला त्यांना बोलावणं म्हणजे आपल्या हातांनी संकट ओढवून घेणं. घरमालक बिचारा नव्या फरशा, नवी झुंबरं दाखवत असतो आणि साडभाऊ भर पंगतीत विचारतात, "ते ठीक हाय, पण खाली काय टाकलं?" घरमालकाला बहुधा ते ठाऊक नसतंच. मग साडभाऊ पुढ्यातला मठ्ठा तसाच ठेवून उठतात, खांबावर बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात, आणि काही न बोलता परत येऊन जेवायला बसतात. त्यांच्या त्या न बोलण्याने कितीतरी घरमालकांची झोप उडालेली आहे. आमच्या घरी हॉलच्या भिंतीला एक बारीकशी चीर होती. एकदा चहाला आले तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली, डिंकाने त्या चिरेवर आडवी चिकटवली आणि म्हणाले, "फाटली का मले सांगजो." पुढे कित्येक महिने आम्ही नवराबायको सकाळी उठून देवाआधी त्या पट्टीचं दर्शन घेत होतो.

ताई मात्र या सगळ्याला पुरून उरल्या होत्या. ताई म्हणजे साडभाऊंची बायको, अंगाने बुटक्या आणि जिभेने तिखट. एकदा दोघं सीताबर्डीला साडी घ्यायला गेले. ताईंनी दुकानात साडी निवडली, मागे वळून पाहतात तर नवरा गायब. दोन गल्ल्या सोडून एका इमारतीचा पाया भरत होते, तिथे पत्र्याच्या कुंपणावरून हे अर्धे आत लोंबकळत होते आणि अनोळखी मजुरांना ओरडून सांगत होते, "थांबू नका गा! थांबू नका!" ताईंनी क्षणभर पाहिलं, ऑटोला हात केला आणि एकट्या घरी निघून आल्या. संध्याकाळी साडभाऊ धुळीने माखून परतले ते त्यांनाच विचारत, "काहून वं, कुठं हरवली होती तू?"

ते 'थांबू नका' म्हणजे साडभाऊंच्या धर्माचा गाभा. साचा उभा करून त्यात काँक्रीट ओतणं याला आमच्याकडे ढलाई म्हणतात, आणि ढलाई एकदा सुरू झाली की भिंत पुरी होईपर्यंत थांबायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. "थांबलं का खालचं आळते," ते सांगत, "मग वरचं त्याले चिकटत नाही. भिंत दिसते एक, पण असतात दोन. नवराबायको एका घरात राहतात आन् बोलत नाही, तसं." माझ्या लग्नात वीज गेली आणि मंगलाष्टकं मध्येच अडली, तेव्हा सगळे गडबडले, पण हे शांत होते. "मंगलाष्टकं थांबली तं चालते, ही काय ढलाई हाय?" असं म्हणून त्यांनी भटजींनाच धीर दिला. शेजाऱ्याच्या नव्या कुंपणभिंतीत त्यांना एकदा असाच थांबलेला सांधा दिसला. ते त्या सज्जन गृहस्थाच्या इतके मागे लागले की शेवटी त्याने कंटाळून भिंत पाडली आणि पुन्हा बांधली. त्या दोन घरांत अजून तिळगूळ देण्यापुरताच संबंध आहे.

असल्या माणसाचं स्वतःचं घर लवकर होणार कसं? भाड्याच्या घरांतून फिरता फिरता त्यांनी शहराबाहेर एक भूखंड घेतला होता. पुढे रस्ता उंच झाला आणि भूखंड खोलात गेला. मुरूम टाकून भरून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. साडभाऊंनी ठरवलं की नाही, काळी माती पार खणून काढायची, चारी बाजूंनी सळ्या घालून काँक्रीटच्या भिंती उठवायच्या, आणि खाली जी जागा राहील तिथे तळघर करायचं. हे ठरल्यावर तयारीतच वर्षं गेली. खिडकीत रेतीच्या बाटल्या रांगेने उभ्या असत. पाणी घालून हलवायच्या आणि गाळ किती बसतो ते पाहायचं. खाप्याला कन्हानच्या काठी जाऊन ते रेती मुठीत दाबून हुंगून आले. ताई वैतागायच्या. त्यांना मोठ्या घराची हौस नव्हती, त्यांना हवा होता स्वतःच्या उंचीचा ओटा. भाड्याच्या प्रत्येक घरातला ओटा त्यांना उंच पडायचा, त्यामुळे जन्मभर त्यांनी पाटावर उभं राहून स्वयंपाक केला होता. "यांचं पायाखालचं होईल तवा माझ्या हाताखालचं होईल," त्या मला म्हणायच्या, "तवापर्यंत हात राह्यले पाहिजे."

अखेर ढलाईचा दिवस उगवला. मार्च संपत आला होता, म्हणून ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. साच्याच्या फळ्यांना आतून तेल लावलेलं, फटी बुजवलेल्या; सगळ्यावर साडभाऊंनी स्वतः हात फिरवलेला. काम सुरू होण्याआधी त्यांनी मिस्त्रीला मिक्सरवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: मास्तर डोळ्यापुढे असल्याशिवाय एक घमेलं पडायचं नाही. मिस्त्री वयाने पोक्त होता, मास्तरांना पुरता ओळखून होता, त्याने हसत हसत घेतली. पुढे साडभाऊ जुन्या बनियनमध्ये फळीवर चढून हातोडीने साचा ठोकत फिरत होते आणि कान लावून कुठे पोकळ राहिलं का ते ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ताई मजुरांसाठी बुंदी-चिवडा घेऊन आल्या होत्या आणि कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. मीही शेजारी होतो.

भिंती कमरेएवढ्या भरल्या असतील. ताई मला म्हणाल्या, "मले कसंतरी होऊन राह्यलं." पाहतो तर त्या घामाने डबडबलेल्या, हात छातीवर. मी हाक मारली. एरवी कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेतल्याशिवाय पायरी न उतरणारे साडभाऊ त्या फळीवरून सरळ उडी मारून आले. हातोडी कुठे पडली, मोबाइल कुठे पडला, त्यांना कळलं नाही. मी गाडी काढली आणि आम्ही दवाखान्याकडे सुटलो.

तिथे ताईंना आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. साडभाऊंच्या हातांवर सिमेंट सुकून पांढरं पडत होतं. मला वाटलं, आता हे विचारतील, इतक्यात विचारतील. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "भाऊ, मिस्त्रीला फोन लावू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण मिस्त्री?"

मी फोन खिशात ठेवला. ते आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "तिचा ओटा राह्यला गा." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचे हात काही कामाचे नव्हते, म्हणून मी माझा रुमाल दिला.

ताई वाचल्या. हृदयाची एक नस तुंबली होती, ती डॉक्टरांनी मोकळी केली. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडून पहिला प्रश्न केला, "ढलाई झाली?"

"झाली," साडभाऊ म्हणाले.

"थांबली नाही ना?"

"नाही वं. एक घमेलंबी थांबलं नाही." तिकडची काहीच खबर नसताना, भिंतीच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होता, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

तिकडे काय झालं होतं ते नंतर कळलं. मजूर म्हणाले, ओतून टाकू. मिस्त्री म्हणाला, "शपथ हाय बाप्पा, मास्तर येऊ द्या." त्याने मास्तरांना फोन लावला, तर त्यांचा मोबाइल तिथेच रेतीच्या ढिगात वाजला. दुसऱ्या कोणाच्या कामावर त्याने खुशाल ओतलं असतं, पण मास्तरांच्या भिंतीवर हात टाकायची त्याची छाती झाली नाही. मिक्सर फिरत राहिला, ऊन चढलं, आणि शेवटी माल रस्त्याकडेला ओतून द्यावा लागला. भिंती कमरेशी थांबल्या त्या थांबल्याच.

ताई घरी आल्यावर साडभाऊ प्लॉटवर गेले, मीही सोबत होतो. मिस्त्री हात जोडून उभा. आता मास्तर सगळं तोडायला सांगणार, याविषयी कोणालाच शंका नव्हती. साडभाऊंनी आळलेल्या काँक्रीटवरून लांबपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "टाचे मारून वरचं खडबडीत करून घे, स्वच्छ धू, सिमेंटचं पाणी पाज आन् वरून ओत."

"तोडायचं नाही?" मिस्त्रीला खरं वाटेना.

"तोडत बसलो तं वरचं घर कवा होईल गा?"

आणि खरोखरच पुढचं घर भराभर उठलं. विटांना, दारांना, रंगाला साडभाऊ नुसते 'हो, हो' म्हणत गेले. हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. ओट्याच्या जागी त्यांनी ताईंना उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि भिंतीवर खूण केली. त्या ओट्यावर पोळ्या लाटताना ताई आता जमिनीवर उभ्या असतात. घरातला पाट देवापुढे गेला.

तळघराच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर ती आडवी रेघ मात्र राहिली. ताईंनी त्या बाजूने फळी टाकून लोणच्याच्या बरण्या अशा मांडल्या आहेत की रेघ कोणाला दिसू नये. जन्मभर लोकांच्या भिंतींना नावं ठेवणाऱ्या नवऱ्याला कोणी हसू नये म्हणून. आणि साडभाऊ आलेल्या प्रत्येकाला खाली नेतात, बरण्या बाजूला सारतात आणि रेघेवर बोट ठेवून सांगतात, "इथं आम्ही थांबलो होतो." लोकांचे पाये पाहायला ते आता फारसे जात नाहीत.

एकदा मी ताईंना विचारलं, "ढलाई थांबली होती हे तुम्हाला कधी कळलं?"

"दवाखान्यातच," त्या म्हणाल्या. "हे माझ्यापाशी बसले होते. मग तिथं कोण ओतणार होतं?"

पावसाळ्यात ती रेघ पाझरते. परवा गेलो तर हॉलमध्ये कोणीच नव्हतं. तळघराच्या पायऱ्यांशी जाऊन पाहिलं. साडभाऊ ताईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने ती रेघ हळूहळू पुसत होते, आणि ताई एकेक बरणी उचलून त्यांना जागा करून देत होत्या. दोघं काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. वर ओट्यावर चहा निवत होता, पण हाक मारायचं माझ्या जिवावर आलं.