नीलगिरीची वाफ आणि बसचा धूर

आमच्या मोशीच्या सोसायटीच्या फाटकाशी नीलगिरीची रांग आहे. गेल्या उन्हाळ्यात ती तोडायचं ठरलं, आणि कारण काय, तर माझी लेक! तिला दमा आहे. दुपारी ऊन चढलं की छाती घरघरते. चेअरमननी कुठंतरी वाचलं होतं, की ही झाडं उन्हात वाफ सोडतात, तिच्यातून ओझोन होतो आणि तो फुप्फुसांना बाधतो. "तुमच्या लेकीसाठीच करतोय, ताई," ते मीटिंगमध्ये म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. चाकणच्या कारखान्यात, गाड्या रंगवायच्या पेंट शॉपमध्ये माझा जन्म गेलाय, वाफेचं मला सांगता? म्हटलं, "अहो, अर्धंच वाचलंत. झाडाची वाफ खरी. पण तिच्यात इंजिनाचा धूर मिसळला आणि वर कडक ऊन असलं, की मग ओझोन वाढतो. तो धूर कोण आणतं?"

"तुमच्या कंपनीची बस," ते म्हणाले. "रोज झाडाखालीच घुरघुरत उभी असते. बसता तुम्हीच ना?"

सगळे हसले. माणूस खरं बोलला होता. दुसऱ्या शिफ्टची बस सावलीला थांबते, आणि माणसं गोळा होईस्तोवर एसीसाठी इंजिन चालूच असतं. सगळ्याच बसची ही रीत. मी म्हटलं, धूर बंद करून दाखवते, तोवर करवत आणायची नाही.

बसपाशी जाऊन इंजिन बंद ठेवायला सांगितलं, तर ड्रायव्हरदादा म्हणाले, "मॅडम, एसी बंद केला तर तुमचीच माणसं शिव्या घालतात."

घातल्याच. "काय राव, झाडापायी आम्ही उकडून मरायचं का?" मागून एक जण ओरडला.

"घामानं कुणी मरत नाही! खाली सावलीत उभे राहा, बस निघाली की लावा एसी."

कुणी हललं नाही. मी एकटीच खाली उतरून उभी राहिले. लाज वाटली, रडूही आलं, पण दुसऱ्या दिवशी परत उभी राहिले. हळूहळू बाया उतरायला लागल्या, मग तो ओरडणारा भाऊही, तोंड वाकडं करून. रिकाम्या बसमध्ये एसी कुणासाठी चालवणार? ड्रायव्हरदादांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

झाडं राहिली. लेकीला पंप अजून लागतोच. हायवेचा धूर काही आमच्या एका बसनं थांबत नाही. परवा तिनं विचारलं, "आई, माझ्यामुळं झाडं तोडणार होते?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझं नुसतं नाव पुढं केलं होतं."