साडूभाऊंचं भविष्य आणि माझा ऋ

आमच्या साडूभाऊंइतका चुकीचा माणूस नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे मिळून दुसरा झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. चुकणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती अधूनमधून चुकून बरोबरही येतात. साडूभाऊंनी तशी ढिलाई कधी ठेवली नाही. टीव्ही, टेलिफोन, सिनेमा, कॉम्प्युटर यांचं पुढं काय होणार हे ते बोट वर करून सांगायचे, आणि जग मुकाट्यानं उलट्या रस्त्याला लागायचं. आता अशा माणसाशी पंचवीस-तीस वर्षं भांडून दर वेळी त्याच्याहून जास्त चुकलेला जो माणूस, तो मी. शिक्षण चौथी. धंदा पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं लिहिणारा. हा फरक मी आजही लोकांना रस्त्यात थांबवून समजावतो, आणि समजून घेतल्यावर लोक विचारतात, की मग दोन खोल्यांना डिस्टेंपर मारायचं काय घ्याल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विष्णुपुरीच्या धरणावर कारकून, बिऱ्हाड नांदेडात. शनिवारी दुपारच्या गाडीनं ते लातूरला, घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात उतरायचे, तेव्हा खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत थर्मोकोलसकट एखादी नवी वस्तू असायची. गणित करणारं घड्याळ, कानात घालायचा टेप, गाणं म्हणणारा लायटर, काही ना काही. चहा यायच्या आत ती वस्तू माझ्या स्टुलावर उघडी पडलेली असे. "उघडून बघितल्याबिगर वस्तू आपली होत न्हाई, पेंटर," असं म्हणत ते स्क्रू काढायचे. बंद करताना एक-दोन स्क्रू उरायचेच. ते पावडरच्या डब्यात टाकून म्हणायचे, "कंपनीवाले दोन जास्तीचे लावतेत. माल लई पडून असतोय त्यांच्याकडं." मोबाइलचं नाव नुकतं ऐकू यायला लागलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की हे श्रीमंतांचं खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल, टिकणार तो पेजरच. त्यांनी पेजर घेतलाही. तो चालायचा औरंगाबादेत आणि साडूभाऊ राहायचे नांदेडात. तरी कमरेला तो लावल्याशिवाय ते भाजी आणायला जात नसत. मी म्हणालो, "साडूभाऊ, पेजर टिकणार न्हाई. माणसाला बोलायचं असलं तर तो चिठ्ठी कामून पाठवील? सरळ टपालात कार्ड टाकील." बघा, पेजर टिकणार नाही इथपर्यंत मी बरोबर होतो. तिथंच तोंड बंद केलं असतं तर आज शहाणा ठरलो असतो.

सिनेमावरून तर आमचं फार जुनं वैर. तरुणपणी मी टॉकीजचे बोर्ड रंगवायचो. वीस फुटांचा हिरो, डावा गाल हिरवा, उजवा निळा, डोळ्यांत लाल. खरा हिरो एवढा देखणा कधी नव्हता, हे माझं तेव्हाचं मत आणि आजचंही. साडूभाऊ म्हणायचे, "पुढं हिरो कॉम्प्युटरच बनवणार. नट घरी बसून पगार घेणार. मारामारी मशीन करणार, रडणार मशीन." मी विचारलं, "आन् गाणं?" त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "गाणी बंद होणार. मशीनला कंटाळा येतोय गाण्याचा." त्याच दिवशी संध्याकाळी टॉकीजमध्ये आम्ही दोघं शेजारी बसून सात गाण्यांचा सिनेमा बघितला, आणि दर गाण्याला साडूभाऊंचा पाय माझ्या आधी ठेका धरत होता.

भूकंप झाला त्या साली आमच्या घराची मागची भिंत फाटली, पण माणसं वाचली. औशाच्या पलीकडं, किल्लारीच्या बाजूला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर लिहायची माझी लायकी नाही. पुढं कित्येक महिने जमीन हलत राहिली आणि लातुरात जो तो अंगणात झोपत होता. साडूभाऊंनी तेव्हा रजा टाकून माझ्या घरात भूकंपाची घंटा बसवली. लोखंडी सळईवर स्टीलचा पेला, पेल्याखाली तार, तार बॅटरीला, बॅटरी घंटेला. पेला हलला की घंटा. घंटा उत्तम वाजायची. घरासमोरच्या रस्त्यानं औशाची बस गेली तरी वाजायची. पहिले चार दिवस सगळी गल्ली दर बसला बाहेर पळाली. पाचव्या दिवसापासून गल्लीतल्या बायका घंटा ऐकून शांतपणे म्हणू लागल्या, "साडेदहाची गेली, भात टाका." मी साडूभाऊंना टोमणा मारला, तर ते म्हणाले, "मशीन बरोबर हाय, तुमचा रस्ता चुकीच्या जागी हाय." हसायला आठ-पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच लोकांना काही मिळालं होतं, ते त्या घंटेमुळं, हे मात्र खरं. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. फुगले असते.

मग आला क्लासेसचा जमाना. सगळ्या मराठवाड्यातली हुशार पोरं लातूरला येऊन पडू लागली, खोलीखोलीत कॉटा लागल्या, आणि बोळाबोळातल्या प्रत्येक सरांना बोर्ड पाहिजे झाला. 'यशाची उज्ज्वल परंपरा' हे शब्द मी इतक्या भिंतींवर लिहिले, की चौथी शिकलेल्या माणसाच्या हातानं अख्खं लातूर डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालं. माझ्या अक्षराचा तोरा होता. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं, आणि ब्रश एकदा टेकला की वेलांटी पुरी होईपर्यंत श्वास सोडायचा नाही. खोडायची फडकी मी दुकानात ठेवतच नसे. त्याच सुमारास साडूभाऊंनी मुदतीआधीच पेन्शन घेतली आणि नांदेडच्या घरात कॉम्प्युटर आणि स्टिकर कापायचं मशीन मांडलं. त्या खोलीत चप्पल काढून जायचं, खोकायचं नाही. आणि कॉम्प्युटर त्यांनी भिंतीतल्या कडीला दोरानं बांधला होता, गोठ्यातल्या म्हशीसारखा. मी दोराची गाठ चाचपून बघितली. म्हणाले, "भूकंप झाला तर माणूस पळंल. हे कुठं पळंल बिचारं?" आणि मग बोट वर करून, "पेंटर, आता अक्षर कॉम्प्युटर काढणार. बोर्ड लिहिणारा माणूस पाच वर्षांत संपला म्हणून समजा. तुम्ही माझ्यासंगं या." मी म्हणालो, "हे डबडं माझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई." चहा न घेता निघालो. साडूभाऊ बोलले म्हणजे उलटं होणार, या खात्रीवर मी निवांत होतो. माझ्या नशिबी त्यांनी एवढी एकच गोष्ट बरोबर सांगायची होती.

आणि मला संपवायला कॉम्प्युटरही लागला नाही. माझा हातच थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग मनगट. ब्रश टेकला की रेघेला लाटा यायच्या. मी कुणाला सांगितलं नाही. फडकी आणली. ती गल्ल्याखाली लपवली. मोठी कामं 'रंग खराब आला' म्हणून परत करू लागलो. हा एक हात सोडला तर माझ्याजवळ लोकांनी मान द्यावा असं काही नव्हतं, आणि तो गेला हे गावाला कळण्यापेक्षा दुकान बंद करणं मला बरं वाटत होतं. अशात एका क्लासच्या सरांनी निकालाचा बोर्ड सांगितला. दोन मजले उंच, पास झालेल्या चाळीस पोरांची नावं, दहा दिवसांत. मी नाही म्हणालो असतो, पण सर म्हणाले, "पेंटर, लातुरात एवढं काम तुमच्याशिवाय कोण करणार?" असं कुणी म्हटलं की मी हो म्हणतो. या एका दोषानं माझं जन्मभर नुकसान केलं आहे.

दोन दिवस मी भिंत ओली आहे असं सांगितलं. उन्हाळ्यात. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. साडूभाऊ दुकानात आले तेव्हा मी पत्र्याच्या तुकड्यावर सराव करत होतो आणि काठी पत्र्यावर टकटक वाजत होती. त्यांनी बघितलं. पिशवी उघडली नाही, मत सांगितलं नाही. मग उठले, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला, आणि रविवारी दिवसभर उन्हात लातूरभर फिरून आले. कुठं गेले, कशाला, ते काही सांगितलं नाही. रात्रीच्या गाडीनं नांदेडला परत.

बुधवारी परत हजर. टेबलावर कागद पसरले. बघतो तर माझीच अक्षरं. किराणा दुकानाचा क, दवाखान्याचा द, क्लासच्या पाटीवरचा य. शहरातल्या माझ्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढून, कॉम्प्युटरवर त्यांची कड न् कड गिरवून त्यांनी माझी बाराखडी गोळा केली होती. "आता ह्या अक्षरांत पायजे ते कापता येतंय," ते म्हणाले. "चाळीस नावं जमतेत. फक्त ऋ न्हाई. सगळं लातूर हिंडलो, तुमचा ऋ कुठंच न्हाई."

कुठून असणार? आमच्या वेळी पोरांची नावं गंगाधर, शेषेराव. ऋतुजा, ऋषिकेश ही सगळी नंतरची पिलावळ. आणि खरं सांगायचं तर ऋ शिकवायला आला त्या दिवशी मी शाळेतून पळालो होतो.

"तीन पोरांची नावं अडली हायत. एक ऋ लिहून द्या."

"मी स्टिकरवाल्याला अक्षर देत न्हाई."

"मंग त्या पोरांनी काय करावं? नापास व्हावं?"

"दुसऱ्या कुणाचा ऋ लावा."

"ते न्हाई व्हायचं," साडूभाऊ म्हणाले. "एका घरात परका माणूस लगेच दिसून येतोय."

आतून बायको म्हणाली, "द्या की लिहून. मला काय दिसत न्हाई का घरात? गल्ल्याखालची फडकी रोज मीच धुऊन ठेवती."

माझा तोरा असा दोन्हीकडून धुतला गेला. साडूभाऊंनी माझ्यापुढं पांढरा पुठ्ठा आणि ब्रश ठेवला, आमचा बंद पडलेला मिक्सर उचलला आणि माझ्याकडं पाठ करून त्याचे स्क्रू काढत बसले. एका मिक्सरला एवढा वेळ लागत नाही. मी काठी धरली, मनगट टेकवलं, श्वास कोंडला. ऋसारखं नतद्रष्ट अक्षर नाही. सगळं वळणच वळण. जे उमटलं ते ओढ्यात पडलेल्या सावलीसारखं हलत होतं. मी पुठ्ठा उलटा करून दिला. त्यांनी न बघता पिशवीत घातला. मिक्सरचे दोन स्क्रू उरले होते.

शनिवारी बोर्ड लागला. स्टिकर चिकटवून फडक्यानं दाबायचं काम मी केलं. त्याला हात स्थिर लागत नाही. पिवळी अक्षरं, माझीच, एका रेषेत. तीन ठिकाणी मात्र तो ऋ, जसाच्या तसा, लाटांसकट. कॉम्प्युटर कसलंही वाकडं सरळ करतो, हे साडूभाऊंनी मला शंभरदा ऐकवलं होतं. मी खाली उतरून विचारलं, "साडूभाऊ, ह्यो कामून सरळ केला न्हाई?"

ते वर बघत राहिले. "वाकडा हाय व्हय? मला न्हाई दिसला."

मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू अंधारात शोधणारा माणूस! पुढं काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर केलं आणि टीव्ही आता भिंतीत पुरायला लागणार असं काहीसं सुरू केलं. सर मात्र खूष. त्यांना वाटलं ही नवीन स्टाईल आहे. दुसऱ्या वर्षी तीन क्लासवाले आले आणि म्हणाले, "पेंटर, तसाच लाटांचा ऋ पायजे." मी म्हणालो, "तो फार अवघड असतोय." खोटं बोललो नाही.

पाच-सहा वर्षं आम्ही दोघांनी तशी कामं केली. ते नांदेडात कापायचे, मी लातुरात चिकटवायचो, आणि दर शनिवारी भांडण. मग फ्लेक्स आला. एका तासात बोर्ड, वर सरांचा हसरा फोटो, आणि अक्षरं कुठून आली कुणी विचारायचं नाही. माझ्या पाट्या उतरल्या, साडूभाऊंचं कटिंग मशीनही कोपऱ्यात गेलं. शेवटच्या खेपेला ते लातूरला आले तेव्हा पिशवी रिकामी होती. दुकानाच्या बाकड्यावर आम्ही शेजारी बसलो. समोरची अख्खी इमारत फ्लेक्सनं झाकलेली. साडूभाऊंनी बराच वेळ ती बघितली आणि बोट वर केलं. बोट आता त्यांचंही थोडं हलत होतं.

"हे काय टिकत न्हाई, पेंटर. दोन वर्षं. लोक कंटाळतील. मंग येतेत बगा सगळे परत, हाताचं अक्षर मागत."

एवढं चुकीचं ते जन्मात बोलले नव्हते. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हणालो, "हाव, साडूभाऊ. येतील."

ते दचकून माझ्याकडं वळले. खालून वर, नीट निरखून बघितलं.

"तब्येत बरी हाय न, पेंटर?"