चाचांचा अक्षरांचा तक्ता

माणसाला खरंच किती दिसतं आणि किती दिसतं म्हणून तो सांगतो, यातली तफावत आमच्या चाचांइतकी अख्ख्या मराठवाड्यात कुणाला कळली नसेल. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी प्रत्येक पेशंट चाचांच्या हाताखालून जायचा. समोरच्या भिंतीवरच्या पेटीत दिवा लावायचा, त्यावरचा अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा आणि नोंद करायची, एवढंच ते काम. चाचा ते फौजदाराच्या थाटात करायचे. एक डोळा झाकायला सांगितला की लोक बोटांच्या फटीतून हळूच बघतात. "आजोबा, तळहात लावा तळहात! फटीतून काय बघायलाव? परीक्षाय का ही?" अजिंठ्याहून आलेल्या एका आजींनी अंदाजानं "म" म्हटलं, तर चाचा म्हणाले, "अम्मा, दिसंना तर दिसंना म्हणा. मला खूश करून काय मिळणारय?"

मला हे काम त्यांनीच शिकवलं, म्हणजे तीन वर्षं माझं डोकं खाल्लं. डोळ्यापुढे धरलेल्या काळ्या चकतीच्या बारीक भोकातून अक्षर सुधारलं तर बहुधा चष्म्यावर भागतं, नाही सुधारलं तर दुखणं आत आहे, हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. एकदा दया येऊन मी कुणाची तरी एक ओळ वाढवून लिहिली, तर त्यांनी अख्खं पान फाडलं. "पोरी, तू खोटं लिहिलं की त्याचा डोळा जातो. तुझं काय जातंय?"

स्वतःच्या तपासणीचा विषय निघाला की मात्र "माझं झालंय" म्हणून चहाला पसार. उजव्या हाताच्या दाराशी त्यांचं रीतसर भांडण होतं. रोज धडकायचे आणि म्हणायचे, "सुताराला अक्कलच नाय." डोळ्यात टाकायचा थेंब गालावर पडला, तर पेशंट हललेला असायचा. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. डोळ्यांच्याच दवाखान्यात बसून आम्ही हसत होतो, याची मला आजही लाज वाटते.

शेवटी डॉक्टरबाईंनी दटावून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी डावा डोळा झाकला, तळहातानं, अगदी नियमाप्रमाणे, आणि उजव्यानं धडाधड वाचायला लागले. चौथ्या ओळीवर पेटीतला दिवा गेला. होल्डर जुनाच होता. चाचा मात्र वाचतच राहिले. पाचवी, सहावी, शेवटची. एक अक्षर चुकलं नाही.

मी पेटीपाशी जाऊन होल्डर हलवून पाहिला. खटखट ऐकून त्यांनी विचारलं, "दिवा गेला का गं?"

"हो, चाचा."

दिवा पुन्हा लावला. तक्ता सोडून मी त्यांच्यासमोर बोटं धरली, किती म्हणून विचारलं. त्यांनी अंदाजानं आकडा सांगितला नाही. चकतीच्या भोकातूनही काही सुधारलं नाही. एखादी ओळ खोटीच लिहावी असं मला फार वाटलं. पेन हातातच राहिलं.

"लिही पोरी," चाचा म्हणाले. "पान फाडायला लावू नको."

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर जपायची. चाचा आता खुलताबादला लेकीकडे असतात आणि त्यांच्या जागी मी लोकांना तळहात लावायला सांगते. दर तीन महिन्यांनी ते तपासणीला येतात, दाराला दोन शिव्या देतात आणि खुर्चीत बसतात. परवाही आले. अजून एकही डोळा झाकला नव्हता. तक्त्याकडे तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, दिवा लावलास ना?"

दिवा केव्हाचा लागलेला होता.