बर्फाच्या डब्यातला विटाळ

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात तपासायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असे. कोणी माती नेई, कोणी अळ्या. मारेगावजवळच्या एका गावात मी सकाळीच जीपमधून उतरले आणि लोकांकडे लघवी मागितली, तेव्हा पारावरचा एकजण म्हणाला, "आधी कापूस पायले आलते, आता मूत पायले आले काय?"

काम खरंच तेच होतं. निम्म्या लोकांना आमच्या खर्चानं महिनाभर मटण-अंडी, निम्म्यांना वरण-उसळ. अन्न पचताना शरीरात जे असंख्य बारीक पदार्थ तयार होतात, ते लघवीत शोधायचे. याला मेटाबोलॉमिक्स म्हणतात. गावात 'मटणाची स्कीम' म्हणत.

वरणवाल्यांत एक माळकरी काका होते. पहिला अहवाल आला आणि अभ्यासाचे प्रमुख असलेले आमचे सर खुर्चीतून उठलेच. काकांच्या लघवीत मटणाच्या सगळ्या खुणा!

"वरणावर शरीर हे स्वतः तयार करतंय!" सर म्हणाले, आणि त्यांनी शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं.

मला मात्र दिसलं, की काकांचा आणि त्यांच्या शेजाऱ्याचा अहवाल तंतोतंत एक आहे. शेजारी मटणवाला. मी काकांचं घर गाठलं.

"काका, मटण खाल्लं का?"

"गळ्यात माळ हाय माह्या, मॅडम!"

"मग लघवीत कसं आलं?"

"लघवी माही नाहीच."

"माही हाय," शेजारी कुंपणापलीकडून बोलला.

"पण का?" मी विचारलं.

काकांनी जीपमधल्या बर्फाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यात खानाऱ्यायच्या बाटल्या असतात. माही बाटली त्यायच्या मांडीले मांडी लावून कशी बसन?"

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी काकांसाठी वेगळा डबा आणवला. काका खूश झाले.

पुढच्या अहवालाऐवजी प्रयोगशाळेतून फोनच आला. "तुमचा हा माणूस कडबा खातो का?"

मी पुन्हा गावात. काका अभिमानानं म्हणाले, "डबा गोमूत्रानं शुद्ध करून घेतला. बाटलीतबी थोडं टाकलं."

अखेर त्यांना अभ्यासातून वगळावं लागलं. हे सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. काकांनी एवढंच विचारलं,

"पन वरण तं सुरू राहीन ना?"

ते आम्ही महिनाअखेरपर्यंत सुरू ठेवलं.