टायटॅनियमचा हेवा

रात्री जेवताना ह्यांना कारखान्यातून फोन आला. टायटॅनियमचे सुटे भाग लालबुंद तापवून पाण्यात बुडवले होते.

"आता घाई नको," हे म्हणाले. "भट्टीत पुन्हा मंद आचेवर ठेवा, सावकाश मुरू द्या. खरी ताकद त्यातच येते."

इतका मऊ आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. या वयात धातूचा हेवा वाटावा, याचं मलाच हसू आलं. पण सकाळीच आम्ही भांडलो होतो. मी तापलेली असताना हे एक शब्द न बोलता कामावर निघून गेले. गार पाण्यानंतर पुन्हा ऊब लागते, हे ह्यांना धातूच्याच बाबतीत कळतं.

फोन ठेवून हे म्हणाले, "आमटी गार झालीय गं."

मी पातेलं मंद आचेवर ठेवलं. आमटीचंही नशीब माझ्यापेक्षा बरं.