पाच शेरांतले दोन

मुखरू मिस्त्री इंजिनातलं जुनं तेल काढायचा तेव्हा ते मोजायचा.

कुरखेड्यापासून आठ मैल आत, एका ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोत, सागाच्या ढिगांच्या आडोशाला त्याची पत्र्याची टपरी होती. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेला एक ट्रक आणि त्याला चालता ठेवणारा मुखरू, एवढाच तिथला कारखाना. जातीचा ढीवर, बापाची जाळी तलावावर वाळत पडलेली, पण ह्याला पाण्यापेक्षा तेलाचा नाद. ट्रकखाली घमेलं ठेवायचा, तळाचा बोल्ट सोडायचा. धार संपून थेंब पडू लागले की बाकीचे लोक बोल्ट आवळून मोकळे होतात. हा तिथेच उकिडवा बसून राही. थेंबही थांबले की घमेल्यातलं काळं तेल शेराच्या मापाने डब्यात ओती.

"मोजते काय, मिस्त्री? आईल हाये का दूध?" हमाल हसायचे.

"मापकाडीवर पाच शेर होतं. सव्वाचार आलं. बाकीचं कुठी गेलं?"

"जळलं असन."

"नाई जळलं. आतच हाये. भिंतीले, नळीत, पंपात. किती बी काढा, तीन पाव आत रायतेच. वरून नवं टाकलं का थे जुनं त्याच्यात उतरते."

ज्यांनी तोंडाला रंग लावला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रात्रभर राजा होऊन सकाळी खोबरेलाने कितीही तोंड पुसा, कानामागे सफेदा राहतो आणि तिसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी हसून बोट दाखवतोच. गावच्या दंडारीत मुखरू पडदा ओढायचा. मागे नट उभा आहे, गॅसबत्ती नीट पेटली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याने कधी दोरीला हात घातला नाही. लोक ओरडले तरी नाही. असा तो माणूस होता, आणि अशा माणसाने आयुष्यात एकदाच घाई केली.

पंचावन्न सालच्या पौषातली गोष्ट. थंडी अशी की ढिगांवरचं दव ऊन चढलं तरी वाळत नव्हतं. सकाळी ट्रकला हँडल मारायला गेलेले दोघे हमाल दमून बाजूला झाले. हँडल फिरत नव्हतं. मुखरूने तेलाची काडी ओढून पाहिली. काडीला काळ्या तेलात पिवळसर रवा चिकटला होता, थंडीत आळलेल्या तुपासारखा. त्याने तो बोटावर घेऊन हुंगला आणि ड्रायव्हरला टपरीमागे नेलं.

ड्रायव्हर इस्तारी. मुखरूच्या बायकोचा, वच्छलाचा, पाठचा भाऊ. आईबाप लहानपणीच गेलेले, बहिणीने वाढवलेला. मुखरूने ठेकेदाराच्या मुनशीच्या हातापाया पडून त्याला ट्रकवर बसवलं त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

"काय टाकला आईलात?"

"काई नाई, भाऊजी."

"टोरीचा वास येऊन राह्यला. मी काय नाकाने आंधळा हाये?"

इस्तारीने मान खाली घातली. काल जंगलात इंजिनाचं तेल गळलं. काडी कोरडी. जवळच्या टोल्यावर, लहानशा वस्तीवर, घरोघरी टोरीचं तेल, मोहाच्या बियांचं. त्यात भजी तळतात, दिवे लावतात, डोक्याला चोळतात. "तेल तं तेल, असं वाटलं मले," तो म्हणाला. "दोन शेर ओतलो. गाडी तं मस्त आली."

"गरम होती म्हणून आली. रात्री आतमंदी गोठलं थे."

तोवर वच्छला तिथे आली होती. आज वडशाचा बाजार. सुकी मासोळी विकायला ट्रकने जायचं म्हणून ती टोपली घेऊन निघालेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मुनशीले सांगू नोका," ती म्हणाली. "आजच्या आज हाकलून देईन त्याले. मंग कुठी जाईन थो?"

मुखरूने घमेल्यात निखारे भरून ते इंजिनाखाली सरकवले, तळ कोमट झाल्यावर निखारे ओढून घेतले आणि बोल्ट सोडला. आधी करंगळीएवढी धार आली. मग गोळे पडले. मग काहीच नाही. त्याने मोजलं. तीन शेर भरलं.

म्हणजे पाचांतले दोन शेर आत होते. तीन पाव नव्हे. दोन शेर. आणि ते नळ्यांत कुठे कुठे बसलं असेल, ते देव जाणे. त्याची रीत ठरलेली होती. इंजिन थोडं तापवायचं, पुन्हा काढायचं, पातळ तेल घालून धुवायचं, तळ उघडून कापडाने पुसायचा. त्याला दुपार झाली असती.

डोमाजी मुनशी घड्याळ काढून उभा होता. "मिस्त्री, वडशाले वाघीण उभी हाये. चार वाजता लागन. नाई भरली तं रेल्वेवाले घेऊन जाईन रिकामीच."

"दुपारलोक थांबा, मुनशीजी. धुवा लागते."

"आईल बदलवाले दुपार? काऊन?"

ह्या 'काऊन'चं उत्तर मुखरूच्या जिभेवर होतं. पण समोर वच्छला टोपली धरून उभी होती, आणि तिच्या मागे इस्तारी.

"काई नाई," मुखरू म्हणाला. "चाला." आणि त्याने तीन शेर नवं तेल आत ओतलं.

ट्रक निघाला. वर साखळदंडाने बांधलेली सागाची गोलं, न चिरलेले ओंडके, गोलांवर बाजाराला निघालेली अकरा माणसं, त्यांत वच्छला. आत इस्तारी आणि मुनशी. मुखरू पायरीवर उभा राहिला, इंजिनाच्या पत्र्याला कान जवळ करून. तेलाच्या दाबाचा काटा लढाईतच मोडला होता. त्यामुळे आत काय चाललंय ते सांगायला त्या कानाशिवाय दुसरं काही नव्हतं.

वरून म्हातारी बुधरी ओरडली, "मुखरू, इंजिनाले कान लावला. बायकोचं कधी इतकं आयकला का रे?"

लोक हसले. वच्छला हसली नाही.

"जंगलात वाघीण, वडशाले बी वाघीण," बुधरीचं चालूच. "आज कोण कोणाले खाते, पाहू."

पाच मैल काही झालं नाही. सहाव्या मैलाला मुखरूला एक आवाज आला. लाकडावर नख वाजवावं इतका बारीक. टक. मग नाही. मग एका लहान चढावर पुन्हा टक, टक, आणि उतार लागताच गुप्प. त्याने आत पाहिलं. इस्तारी शीळ घालत होता. मुनशी पेंगत होता. दोन्ही बाजूंना सागाची मोठाली पानं दवाने ओली होऊन लोंबत होती आणि एकही पान हलत नव्हतं.

आठव्या मैलाला आवाज जायचा थांबला. उतारावरही तो राहिला.

अकराव्या मैलाला नाला लागतो आणि नाल्यापुढे भिवसनीचा चढ. पाऊण मैल सरळ छातीवर येणारा, एका अंगाला खोल दरड. ह्या ट्रकचे ब्रेक भरल्या वजनाला धरत नसत. चढताना कधी गाडी अडलीच तर इंजिनाच्या जोरावर ती थोपवायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनच जाम झालं, चाकं सोडवायला ड्रायव्हरने क्लच दाबला, तर गोलांसकट, माणसांसकट ट्रक मागे जाणार. दोन महिन्यांचा ड्रायव्हर क्लच दाबणारच.

नाल्यावर पाणी घालायला ट्रक थांबला. इंजिन चालूच. मुखरूने पान्ह्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. आत कोणीतरी दार ठोठावत होतं. घाईने नाही. ठाम, एकसारखं.

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मुनशी जागा झाला.

"गाडी पुढं जाणार नाई, मुनशीजी. समदे खाली उतरा."

"डोकं फिरलं काय तुहं? अकरा मैल आली ना?"

"आली. चढणार नाई."

"काऊन?"

तोच शब्द दुसऱ्यांदा आला. मुखरूने वर पाहिलं. वच्छला त्याच्याकडेच पाहत होती. ती डोळ्यांनी नको म्हणत होती, आणि ज्या गोलावर ती बसली होती ते गोल सगळ्यांत मागचं होतं.

"आईलात टोरीचं तेल हाये," मुखरू म्हणाला. "दोन शेर. काल इस्तारीनं टाकलं. मले सकाळीच मालूम होतं, मी बोललो नाई."

मुनशी हळूच खाली उतरला. त्याने इस्तारीला शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. "चावी दे," एवढंच म्हणाला. "आन् उद्यापासून दिसू नोको."

इस्तारीने चावी दिली. बहिणीकडे पाहिलं, मुखरूकडे पाहिलं नाही. आणि आलेल्या वाटेने पायी परत निघाला. वच्छलाने दोनदा हाक मारली. वळणावर सागाच्या खोडांमागे त्याचा सदरा दिसेनासा झाला.

वाघीण रिकामी गेली. बाजारची माणसं चढ पायी चढली आणि वर जाऊन मागे वळून पाहू लागली. ट्रक नाल्यात गरीब जनावरासारखा उभा होता, कोणाला काही झालेलं नव्हतं. मग बोलणं सुरू झालं. अकरा मैल आलेली गाडी पाऊण मैल गेली नसती का? बिचाऱ्या पोराच्या पोटावर पाय दिला. मिस्त्रीले स्वतःच्या कानाचा भलता गर्व. मुनशीने ठेकेदाराला काय सांगितलं कोण जाणे, पण मुखरूला ठेवलं, कारण दुसरा मिस्त्री चांदा शहराशिवाय कुठे नव्हता.

बैलांच्या सहा जोड्या लावून ट्रक डेपोत ओढून आणला. पाचव्या दिवशी मुखरूने तळ उघडला. तेल ओढणाऱ्या जाळीवर टोरीची काळी, जळकी साय बसली होती. जाळीचा एक कोपरा तेवढा उघडा. त्याने एक दांडा सोडवला आणि त्यातलं बेरिंग हातावर घेतलं, अर्ध्या बांगडीएवढं. आतला पांढरा धातू वितळून वाहून गेला होता. खालचं लोखंड निळं पडलं होतं.

तो जमिनीवरच बसला. मग ते बेरिंग धोतराच्या सोग्यात बांधून घरी गेला.

घरी त्या पाच दिवसांत वच्छला त्याच्याशी कामापुरतं बोलली होती. इस्तारी घरी आलाच नव्हता. कोणी म्हणे सिरोंच्याकडे गेला, कोणी म्हणे आलापल्लीच्या जंगलात लाकूडकटाईवर दिसला. मुखरूने सोगा सोडला आणि बेरिंग तिच्यापुढे धरलं.

"पाह्य," तो म्हणाला. "इथी पांढरा थर रायते. समदा गेला. चढावर अर्ध्या वाटेत इंजिन धरलं असतं. तू मागच्या गोलावर होती."

तिने ते हातात घेतलं, चुलीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी फिरवलं, आणि सांभाळून परत त्याच्या हातावर ठेवलं.

"मले यातलं काय समजते," ती म्हणाली. "तुमी म्हणता तं खरंच असन. इस्तारी जेवला असन का आज?"

तिने त्याला वाढलं. आपलं ताट घेऊन ती दाराकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने मुखरूनेही आपला पाट फिरवला, आणि दोघं त्या वाटेकडे पाहत जेवू लागली.