दाखवायचा खड्डा

जंगलाच्या कडेच्या त्या रिसॉर्टला पर्यावरणाचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून मी तपासणीला गेले होते. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याचं झाकण उचललं, तर आत या कडेपासून त्या कडेपर्यंत कोळ्याचं अखंड जाळं. किती निवांत विणलेलं! महिनोन्‌महिने त्याला कुणाचा धक्का लागला नव्हता.

स्वयंपाकी सरळ माणूस. म्हणाला, "मॅडम, हा दाखवाचा खड्डा हाय. खरकटं मांगं नाल्यात टाकतो."

नाल्यात त्यानं मला अस्वलाची विष्ठा दाखवली. तिच्यात टी-बॅगचा पांढरा दोरा होता.

"रोज येते. पाहुने खुश होतात. आता मानसाले भेत नाही ते," तो कौतुकानं म्हणाला.

माणसाचा वास आला की अस्वल वाट बदलतं, म्हणून तर इथली माणसं जंगलात जाऊन परत येतात. ती भीती मोजायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. प्रश्न एवढाच होता, खड्डा आहे का? आहे. जाळ्यासकट आहे. मी खूण केली.

निघताना काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरी कोण कोण?"

"बायको हाय. मोहफुलं वेचते. पहाटेच जाते, याच नाल्यानं."